गृहव्यवस्था : कूलरचें बारमाही व्रत

होळीची राख थंड होते न होते तोंच नागपूर, अमरावती, अकोला या बाजूच्या घराघरांतून एक ठराविक खडखडाट ऐकूं येऊं लागतो. मागच्या पडवींत किंवा गच्चीवर नऊ महिने विस्मृतींत पडलेला कूलर ओढून काढण्यांत येतो. कोणी त्याच्या ताट्या झटकतो, कोणी पंप पाण्यांत बुडवून पाहतो, मुलें भोंवतीं कोंडाळें करतात, आणि पहिल्या गार झुळकेबरोबर सर्वांचा शीण निघून जातो. पुढें मृगाचा पाऊस पडला, कीं तोच कूलर जेथें असेल तेथें मुका होऊन उभा राहतो. वर्षांतले तीन महिने ज्याची एवढी सरबराई, त्याच्याकडे उरलेले नऊ महिने ढुंकूनहि पाहावयाचें नाहीं, अशी आपली रीत. या रीतीचा दंड आमच्या घरानें एकदां भरला आहे, म्हणून या महिन्यांत हा विषय वाचकांपुढें ठेवीत आहें.

गोष्ट २०१९ सालच्या भाद्रपदांतील. आमचें कुटुंब एकत्र. मामंजी, सासूबाई, तिघे भाऊ, आम्ही तिघी जावा आणि पांच मुलें, अशीं तेरा माणसें एका चुलीवर जेवतात. गौरींचें विसर्जन झालें आणि दुसऱ्याच दिवशीं धाकट्या जाऊबाईंची सात वर्षांची मुलगी तापानें फणफणली. डोळ्यांच्या मागें ठणकतें, हातपाय मोडून येतात, असें ती रडत रडत सांगे. रक्त तपासलें तेव्हां डेंग्यू निघाला. प्लेटलेटचा आंकडा रोज खालीं येऊं लागला आणि पांच रात्री आम्हीं इस्पितळांत आळीपाळीनें जागून काढल्या. दैव बलवत्तर म्हणून पोर सुखरूप घरीं आली.

ती घरीं आल्यावर दोन दिवसांनीं महापालिकेचा एक आरोग्य कर्मचारी घर पाहावयास आला. कुंड्या, रांजण, गच्चीवरची टाकी हें सर्व त्यानें पाहिलें, आणि शेवटीं मागच्या पडवींतल्या कूलरचें एक दार काढून आंत विजेरीचा झोत टाकला. तळाशीं चार बोटें पाणी होतें. उन्हाळ्यांतलें उरलेलें, आणि पावसाच्या तिरप्या सरींनीं वाढलेलें. त्यांत शेंकडों अळ्या वळवळत होत्या. आमच्या मुलीला चावलेला डांस याच पाण्यांतला, असें छातीठोकपणें कोणीहि सांगूं शकणार नाहीं. पण तसें नाहीं, असेंहि आम्हांला कोणाला म्हणवेना.

तें पाणी काढावयाचें कोणीं होतें? मामंजींस वाटलें, मुलांनीं काढलें असेल. आमच्या घरच्यांना वाटलें, भाऊजींनीं काढलें असेल. भाऊजींना वाटलें, भांडीं घासणाऱ्या बाईंनीं काढलें असेल. आणि मी थोरली सून, कोठीच्या किल्ल्या माझ्या कमरेला; मला तर त्या पाण्याची आठवणसुद्धां झाली नव्हती. कोणीं कोणाला बोल लाविला नाहीं. सासूबाई मात्र एवढेंच म्हणाल्या, “देवघरांतलें पाणी रोज बदलतां, मग ह्या पाण्याचें सोंवळें कोणीं पाळायचें?” त्या प्रश्नाचें उत्तर म्हणूनच पुढील सर्व मजकूर लिहिला आहे.

प्रथम कूलर काय करतो तें नीट समजून घेऊं, कारण निगेचे सर्व नियम त्यांतूनच निघतात. मडक्यांतलें पाणी ज्या न्यायानें निवतें, किंवा पूर्वींच्या वाड्यांतून दारांना वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडीत तेव्हां आंतली खोली ज्या न्यायानें गार होई, तोच हा न्याय आहे. पाण्याची वाफ होण्यास उष्णता लागते. एक लिटर पाण्याची वाफ होतांना सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता हवेंतून काढून घेतली जाते, आणि हवा तितकी थंड होते. परंतु हवेंत आधींच ओलावा भरपूर असेल, तर पाण्याची वाफ होत नाहीं आणि थंडाईहि मिळत नाहीं. तापमापकाच्या टोकाला ओलें फडकें गुंडाळून तो वाऱ्यांत धरला, तर पारा जेथवर उतरेल, त्याच्या खालीं कूलरची हवा कधींहि जाऊं शकत नाहीं. मे महिन्यांतल्या दुपारीं नागपुरास उष्णतामान ४४ अंश आणि आर्द्रता शेंकडा १५ असली, तर ही मर्यादा सुमारें २३ अंशांवर येते. ताट्या चांगल्या असतील तर त्यांतून येणारी हवा २७-२८ अंशांची लागते. तोच कूलर जुलै महिन्यांत, उष्णतामान ३० आणि आर्द्रता शेंकडा ८५ असतांना लाविला, तर सारा खटाटोप करून लाभ दीड-दोन अंशांचा, आणि वर अंथरुणें दमट होतात तीं वेगळींच. मुंबईकर व कोंकणांतल्या आप्तांनीं कूलरला नाक मुरडावें, हें यामुळेंच अगदीं साहजिक आहे.

यावरून दोन नियम उघड होतात. पहिला हा, कीं कूलरनें हवा बाहेरून ओढली पाहिजे, आणि समोरची खिडकी किंवा दार वीतभर उघडें असलें पाहिजे. गारवा निसटून जाईल या भीतीनें पुष्कळ घरांत सर्व खिडक्या बंद करतात. मग तीच ओली हवा पुन्हां पुन्हां फिरते, अंग चिकचिकतें, आणि दोष मात्र यंत्राला मिळतो. दुसरा नियम असा, कीं ओलावा सर्वच वस्तूंना मानवत नाहीं. कूलरचा झोत कोठीच्या खोलीकडे, पुस्तकांच्या कपाटाकडे किंवा रेशमी वस्त्रांच्या पेटीकडे वळूं देऊं नये. शेंकडा ६५ हून अधिक आर्द्रता बराच काळ टिकली, कीं बुरशीला फावतें. नव्या कुरडया, पापड, वर्षाचें तिखट हीं नेमकीं याच दिवसांत घरांत येतात. तबला किंवा तंबोरा असेल, तर त्यालाहि दुसऱ्या खोलींत जागा द्यावी.

आतां महिन्यांच्या क्रमानें पाहूं.

फाल्गुन-चैत्र हा तयारीचा काळ. कूलर लावण्यापूर्वीं लाकडी भुशाच्या ताट्या बदलाव्या. एक उन्हाळा हेंच त्यांचें आयुष्य. मधमाशांच्या पोळ्यासारख्या घड्यांच्या कागदी ताट्या असतील तर त्या अनेक वर्षें टिकतात. त्या मऊ कुंचल्यानें, घड्यांच्या दिशेनें, हलक्या धारेखालीं धुवाव्या. तारेच्या घासणीनें घांसल्यास त्यांची चाळण होते. पाणी वाटणाऱ्या नळीचीं छिद्रें टाचणीनें मोकळीं करावीं, कारण एक छिद्र बुजलें कीं ताटीचा तेवढा पट्टा कोरडा राहतो आणि तेथून उष्ण हवा थेट खोलींत येते. पंख्याचीं पातीं पुसावीं, टाकीचा गंज खरवडून रंग द्यावा, आणि तळाचें बूच घट्ट बसतें कीं नाहीं हें पाहावें.

परंतु या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट विजेची. पत्र्याचा कूलर, त्यांत पाणी, पाण्यांत विजेचा पंप, ओली फरशी आणि अनवाणी पाऊल, इतक्या गोष्टी एकत्र आल्यावर अपघातास आणखी निमित्त तें काय लागतें? आपल्या घरांतला प्रवाह २३० व्होल्टचा असतो. सुमारें १० मिलिअँपिअर एवढा अल्प प्रवाह हातांतून गेला, तरी स्नायू आखडून धरलेली वस्तु सोडतां येत नाहीं; ३० च्या पुढें हृदयाच्या ठोक्यांना धोका उत्पन्न होतो. म्हणून घराच्या मुख्य फलकावर ३० मिलिअँपिअरचें गळती ओळखून प्रवाह तोडणारें यंत्र अवश्य असावें, आणि त्यावरील चाचणीची कळ मधून मधून दाबून तें काम करतें ना, याची खात्री करून घ्यावी. कूलरला तीन तारांचीच वायर व तीन पिनांचीच खुंटी असावी. पुष्कळांच्या ध्यानांत न येणारी आणखी एक गोष्ट अशी, कीं जमिनींत पुरलेली अर्थिंग ओल्या मातींतच नीट काम देते. वैशाखांत माती कोरडी ठणठणीत झाली, कीं तिचा विरोध वाढतो, आणि नेमका तोच काळ कूलरचा. अंगणांत अर्थिंगचा खड्डा असेल तर उन्हाळ्यांत त्यांत अधून मधून घागरभर पाणी ओतावें. शेवटीं सर्वांस लागू असा एकच कडक नियम : पाणी भरावयाचें, दार काढावयाचें, किंवा नुसता हात लावून पाहावयाचा असला, तरी आधीं बटन बंद करावें आणि खुंटी उपसून काढावी. नुसतें बटन बंद करून भागत नाहीं. हा नियम मुलांना शिकविण्याआधीं घरांतल्या मोठ्या पुरुषांनीं पाळून दाखविला पाहिजे. कारण तो मोडणारे बहुधा तेच असतात.

वैशाख-ज्येष्ठ हे सेवेचे महिने. ऐन उन्हाळ्यांत मोठा कूलर ताशीं दहा ते वीस लिटर पाणी पितो. येथें क्षारांचा प्रश्न येतो. वाफ होते ती शुद्ध पाण्याची; पाण्यांतले क्षार मागें राहतात. कूपनलिकेच्या एक लिटर पाण्यांत ४०० मिलिग्रॅम क्षार असले आणि दिवसाला १०० लिटर पाणी आटलें, तर रोज ४० ग्रॅम, आणि महिन्याला सव्वा किलोच्या आसपास क्षार टाकींत व ताट्यांवर सांचतात. ताट्यांवर दिसणारी पांढरी खरबरीत पुटें तीं हींच. आपण मात्र वरून ताजें पाणी ओतीत राहतों आणि पाणी बदललें असें समजतों. खरें म्हणजे आठवड्यांतून एकदां तळाचें बूच काढून सर्व पाणी सोडून दिलें पाहिजे. पाण्याचा तुटवडा असेल, तर तें पाणी अंगण व मोरी धुण्यास वापरावें. तुळशीला किंवा नाजुक झाडांना घालूं नये, कारण त्यांत क्षार दाटलेले असतात. पंपावर बसलेले क्षार काढण्यास कोमट पाण्यांत लिंबाचें सत्त्व किंवा व्हिनेगर घालून पंप त्यांत तासभर भिजवावा आणि मग स्वच्छ धुवावा. टाकी निर्जंतुक करण्यासाठीं ब्लीचिंग पावडर वापरावयाची असेल, तर ती निराळ्या दिवशीं. व्हिनेगर अथवा कोणतेंहि आम्ल आणि ब्लीचिंग पावडर हीं एकत्र येऊं देऊं नयेत. त्यांतून क्लोरीनचा विषारी वायु निघतो.

पाण्यास शेवाळाचा किंवा कुबट वास येऊं लागला, तर अत्तर किंवा वाळ्याचा अर्क घालून तो झांकूं नये. वास हा निरोप आहे. निरोप्याला हांकलून देऊन निरोप टळत नाहीं. टाकी रिकामी करावी, घांसावी, उन्हांत वाळवावी.

आषाढ हा खऱ्या परीक्षेचा महिना. पाऊस स्थिरावला कीं कूलरची गरज संपते, आणि आपलें लक्षहि संपतें. डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या एडिस इजिप्ती या डांसाचें चरित्र येथें थोडें सांगितलें पाहिजे. १९०६ साली ऑस्ट्रेलियांत थॉमस बँक्रॉफ्ट यांनीं डेंग्यूच्या बाबतींत या डांसाकडे प्रथम बोट दाखविलें. हा डांस गटारांत वाढत नाहीं. त्याला घरांतलें स्वच्छ, सांचलेलें पाणी लागतें. तो चावतो दिवसा, विशेषतः सकाळीं व सायंकाळच्या सुमारास. त्याची मादी अंडीं घालते तीं पाण्याच्या रेषेच्या किंचित् वर, ओल्या भिंतीवर चिकटवून. पाणी आटलें तरी तीं अंडीं मरत नाहींत. कोरड्यांत कित्येक महिने तग धरतात, आणि पुन्हां पाणी चढलें कीं त्यांतून अळ्या बाहेर पडतात. उबदार हवेंत अंड्यापासून डांस होण्यास सात ते दहा दिवस पुरतात. महापालिका आठवड्यांतून एक ‘कोरडा दिवस’ पाळावयास सांगते, त्याचें इंगित या सात दिवसांत आहे. आणि नुसतें पाणी ओतून दिलें तर काम अर्धेंच झालें, याचें इंगित भिंतीवरच्या अंड्यांत आहे. टाकीच्या चारी भिंती काथ्यानें खसखसून घांसल्या पाहिजेत. उन्हाळ्यांतहि, कूलर चालू असतांना, हाच नियम लागू आहे.

म्हणून मृग लागल्यावर, पाऊस स्थिर झाला असें दिसतांच एक दिवस ठरवावा. बूच काढून पाणी सोडावें, टाकी घांसावी, ताट्या काढून उन्हाची तिरीप मिळेल तेव्हां खडखडीत वाळवाव्या आणि निराळ्या ठेवाव्या, पंप पुसून कागदांत गुंडाळावा, पंख्याच्या दांड्याला तेलाचा थेंब द्यावा. बूच पुन्हां लावूं नये. पाऊस आंत शिरलाच, तर तो वाहून गेला पाहिजे. मग सर्व कूलर जाड कापडानें झांकावा. प्लॅस्टिक घालावयाचें तर त्याच्या सुरकुत्यांत पाणी सांचत नाहीं, हें पाहावें. नाहींतर डांसांना तेवढें तळें पुरतें.

श्रावण ते आश्विन एवढेंच काम, कीं दर पंधरवड्यास झांकण वर करून आंत पाहावें. दसऱ्याला आपण शस्त्रांची, यंत्रांची पूजा करतों. त्या दिवशीं कूलरलाहि एक झेंडूचें फूल वाहावें आणि वाहतांना तळाशीं नजर टाकावी. कार्तिकापासून पुढें गंज, वायरीचें उंदरांनीं कुरतडणें, तुटलेले पाय, यांची दुरुस्ती स्वस्थपणें करून घ्यावी. होळीनंतर कारागीर सांपडत नाहीं, आणि सांपडला तर मागेल ती मजुरी द्यावी लागते.

ज्यांचीं मुलें-लेकी अमेरिकेंत किंवा कॅनडांत आहेत, त्यांच्या कानांवर निराळीच तक्रार येते. तेथें कोरडेपणा हिवाळ्यांत छळतो. शून्य अंशाची पूर्ण ओलसर हवा घरांत घेऊन २१ अंशांपर्यंत तापविली, तर तिची आर्द्रता शेंकडा २५ वर उतरते. मग ओंठ फुटतात, नाकांतून रक्त येतें, घसा सुकतो. त्यासाठीं तेथें आर्द्रता वाढविणारीं यंत्रें वापरतात. ऋतु उलटा असला तरी धर्म तोच. आर्द्रता शेंकडा ३० ते ५० च्या दरम्यान राखावी. खिडकीच्या कांचेवर पाणी जमूं लागलें, तर यंत्र कमी करावें. भट्टीला जोडलेल्या यंत्राची ताटी दर हंगामास बदलावी, आणि उन्हाळा लागतांच त्याचें पाणी व झडप बंद करावी. ध्वनिलहरींनीं तुषार उडविणाऱ्या लहान यंत्रांतील पाणी रोज ओतून टाकावें व तेथें ऊर्ध्वपातित पाणीच घालावें, कारण अशा यंत्रांतून पाण्यांतले क्षार व जंतु तुषारांबरोबर श्वासांत जातात. त्या पाण्यांत जंतुनाशक घालण्याचा मोह तर कटाक्षानें टाळावा. दक्षिण कोरियांत असें औषध पाण्यांत घालण्याची चाल पडली होती. त्यानें फुप्फुसें निकामी होऊन अनेक बालकें व गर्भवती स्त्रिया दगावल्याचें २०११ साली उघडकीस आलें. पोटांत न जाणारी वस्तु श्वासावाटे गेल्यास चालते, असें समजूं नये. यंत्र धुवावें, पुसावें, वाळवावें. पाण्यांत पाण्याशिवाय कांहीं घालूं नये.

आतां पुन्हां सासूबाईंच्या प्रश्नाकडे. एकत्र कुटुंबाचें मोठें सुख हें, कीं कोणतेंहि काम एकट्यावर पडत नाहीं. आणि मोठा दोषहि हाच, कीं जें काम सर्वांचें तें बहुधा कोणाचेंच नसतें. चूल पेटली नाहीं तर तेरा माणसें तासाभरांत विचारतील. पडवींतलें पाणी सांचलें तर तीन महिने कोणी विचारणार नाहीं. म्हणून अशा मुक्या कामांना नांवानिशीं धनी नेमला पाहिजे. आमच्या स्वयंपाकघरांतल्या कपाटाच्या दाराला आंतल्या बाजूनें एक कागद डकविलेला आहे. त्यावर बारा महिने, प्रत्येक महिन्याचें काम, आणि तें करणाराचें नांव आहे. काम झालें कीं त्यानें तारीख घालून सही करावयाची. विजेची बाजू भाऊजींकडे, ताट्या व दुरुस्ती आमच्या घरच्यांकडे, आषाढांतलें आवरणें माझ्याकडे. मामंजी दर पंधरवड्यास सह्या तपासतात, आणि एखादी राहिली असेल तर जेवतांना सर्वांदेखत विचारतात.

शनिवारचा कोरडा दिवस मात्र ज्या मुलीनें त्या भाद्रपदांत पांच रात्री सोसल्या, तिनें आपण होऊन मागून घेतला आहे. आतां ती मोठी झाली. शाळेंतून आली, कीं हातांत विजेरी घेऊन ती कूलर, कुंड्यांच्या बशा, फ्रिजच्या मागची थाळी हें सर्व पाहून येते आणि कागदावर सही करते. तिची एकहि सही आजवर राहिलेली नाहीं. या महिन्याचा अंक हातावेगळा करण्यापूर्वीं वाचकांनीं उठून आपल्या पडवींतल्या कूलरचें झांकण एकदां वर करून पाहावें, एवढीच विनंती.